बारशाचा हत्ती

“हत्ती कित्याक गो? माजर कर,” मामी म्हणाली आणि सुपातल्या तांदळातले खडे वेचत राहिली.

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, धारगळच्या घराच्या वसरीवर मी करड्या सुताचा गुंडा उलगडत बसले होते. २०२५ चा सप्टेंबर संपत आला होता. पाऊस जायचं नाव घेत नव्हता आणि महामार्गावरून मोपाच्या विमानतळाकडे वळणाऱ्या गाड्यांचा आवाज पावसाच्या आवाजात मिसळून येत होता. मामेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना लागला होता. तिच्या बाळासाठी क्रोशाचा एक लहानसा हत्ती विणायचं मी कबूल केलं होतं. मागणी तिचीच. लहानपणी तिच्याकडे सावंतवाडीचा लाकडी हत्ती होता, चाकांचा, दोरीने ओढायचा. सावंतवाडी इथून तासाभराच्या आत. चितारआळीतली पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, लाखेच्या रंगांची खेळणी पेडण्यातल्या पोरांच्या हातांत पिढ्यान् पिढ्या आहेत. त्या हत्तीचं एक चाक मामीच्या पेटीत अजून आहे. बाकीचा हत्ती कुठे गेला ते कोणाला आठवत नाही.

पण मामीचं माजराकडे बोट दाखवणं उगाच नव्हतं. त्या दिवसांत पेडण्यात ‘हत्ती’ हा शब्द निघाला की ऐकणाऱ्याची नजर आपोआप रानाकडे जायची. सप्टेंबरच्या मध्यावर ओंकार नावाचा एक तरणा टस्कर दोडामार्गाच्या बाजूने हद्द ओलांडून आमच्या तालुक्यात आला होता. मोपा, तांबोसे, तोरसे, उगवे या भागांत तो फिरत राहिला आणि कापणीच्या उंबरठ्यावरची भातं, केळी त्याच्या पायांखाली गेली. सिंधुदुर्गाला हे नवं नाही. कर्नाटकातले हत्ती २००२ साली दोडामार्गात उतरले, तेव्हापासून तिथला शेतकरी त्यांच्याबरोबर जगायला शिकतो आहे. पेडण्याला मात्र याची सवय नव्हती. गणेशचतुर्थी होऊन जेमतेम वीस दिवस झालेले, म्हणून हात जोडणारेही होते. मामीचं माहेर तांबोशाचं. तिच्या भावाचं निसवलेलं भात एका रात्रीत आडवं झालं होतं. त्या घरच्या भाचीच्या पोटी येणाऱ्या बाळाला बारशाला हत्ती द्यायचा, हे मामीच्या गळी कसं उतरणार?

दोन दिवस मी सूत बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी मामी स्वतःच म्हणाली की कर, पण त्याला सुळे करू नकोस. मी म्हटलं, सुळे नसले तर ती हत्तीण होईल. “जाऊं दी,” मामी म्हणाली.

मग तिने पेटी उघडली. आमच्याकडे बाळंतविड्याची पेटी वेगळी असते. मामीच्या पेटीत जुन्या मऊ साड्यांची दुपटी, कुंची, टोपडी, लाळेरी आणि मोहरी भरलेली चपटी उशी होती. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ती वापरायचा रिवाज. तळाशी क्रोशाचं एक झबलं होतं, पांढऱ्याचं पिवळट झालेलं, मामीच्या आईने विणलेलं. तिला क्रोशा शिकवला तो नदीपलीकडच्या कोलवाळच्या एका ख्रिस्ती शेजारणीने. गोव्यात ही कला पोर्तुगीज अमलात, ख्रिस्ती जोगिणींच्या शाळांतून आणि चर्चच्या वेदीवर अंथरायच्या जाळीदार वस्त्रांतून रुजली. आमच्या हिंदू घरांत ती रुखवताच्या वाटेने शिरली. तोरण, ताटावरचा रुमाल, पुढे रेडिओवरचं आणि त्याच्याही पुढे टीव्हीवरचं आच्छादन. शापोरा नदीच्या एका काठावर येशूच्या पायाशी आणि दुसऱ्या काठावर देव्हाऱ्यात तीच जाळी, त्याच खांबांची. मामीकडे अजून त्या काळची पोलादी सुई आहे. ती इतकी बारीक की तिचं टोक दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाही.

माझी सुई अडीच मिलिमीटरची, सूत शुद्ध कापसाचं. आता हत्तीचं डोकं.

बोटावर सुताचा फास घ्यायचा, त्यात सहा मुके खांब, म्हणजे बुटके टाके, घालायचे आणि मोकळं टोक ओढायचं, म्हणजे मधलं भोक पूर्ण मिटतं. हल्लीच्या मुली याला मॅजिक रिंग म्हणतात. मामीची सुरुवात वेगळी. चार-पाच साखळ्यांचं कडं करून ती पुढे जाते. रुमालाच्या मध्यभागी ते बारीक भोक शोभून दिसतं. हत्तीच्या टाळूवर मात्र तिथून आतलं भरण डोकावू लागतं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. प्रत्येक फेरीला सहा वाढवत राहिलं तर चकती सपाट पसरत जाते. वाढवणं थांबवलं की कडा उभ्या राहतात आणि वाटी होते.

हे पाहून मामीने चष्मा वर केला. तिच्या लहानपणी रुमाल विणताना टाके वाढवायचे राहिले की त्याची अशीच वाटी व्हायची आणि आई सगळं उसवायला लावायची. तेव्हाची ती चूक इथे मुद्दाम करायची असते. चुकून झालेल्या वाट्या उसवण्यात माझं अर्धं बालपण गेलं, असं ती म्हणाली आणि गुंडा माझ्या हातातून तिने घेतला. पुढच्या सहा फेऱ्या, छत्तीस छत्तीस टाक्यांच्या, तिच्या हातच्या आहेत. माझ्या टाक्यांपेक्षा त्या घट्ट आहेत आणि आजही ओळखू येतात. नंतर तीस, चोवीस, अठरा, बारा, सहा असं मिटवत आणायचं. सगळे मिळून ४३२ टाके, नुसत्या डोक्याचे.

रुमालात मुक्या खांबाला फारसा मान नाही. तिथे उंच खांब आणि त्यांच्यामधल्या खिडक्या मिरवतात. मुका खांब बुटका, दाट, तोंड मिटून बसलेला. पण भरलेल्या खेळण्याचा सगळा भार त्याच्यावर. फेरी संपली असं इथे कधी होत नाही. शंखासारखं गोल गोल चढत जायचं असतं, म्हणून पहिल्या टाक्यात खूण अडकवावी लागते. मामीने केसातला आकडा काढून दिला. या पद्धतीचं जपानी नाव ‘अमिगुरुमी’ आता आपल्याकडच्या विणणाऱ्यांनाही पाठ आहे. विणलेलं आणि भरलेलं बाहुलं, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट मला लोकांना सारखी सांगावीशी वाटते. दोन सुयांवरचं विणकाम करणारं यंत्र विल्यम ली या इंग्रज माणसाने १५८९ मध्येच बनवलं. क्रोशाचं खरंखुरं विणकाम करणारं यंत्र कारखान्यांत आजही नाही. बाजारात यंत्रावरची जी ‘क्रोशे’ लेस मिळते ती दिसायला तशी, बांधणीने वेगळी. म्हणजे क्रोशाचा हत्ती, ससा, अस्वल जगात कुठेही, कितीही स्वस्त दिसला, तरी त्याचा टाका न् टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो. मांद्र्याच्या किनाऱ्याकडच्या एका दुकानात मी असा हत्ती पाचशेच्या आत पाहिला. माझ्या हत्तीला दोन आठवडे लागले, रोज दीड-दोन तास. सराईत हात निम्म्या वेळात करील. तरी हिशेब करून पाहा, तासाला किती पडले, आणि त्यातून सूत आणि दुकानदाराचा वाटा वजा करा. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. जगाच्या बाजारासाठी दिवसभर विणणाऱ्या त्या बायकांना सगळे ‘घरी बसणाऱ्या’ समजत आणि म्हणूनच त्यांच्या श्रमाला मोल नव्हतं, हे त्यात उलगडून दाखवलं आहे. क्रोशाच्या खेळण्याचा भाव करताना मला नरसापूर आठवतं. मी घासाघीस करत नाही. तुम्हीही करू नये असं मला मनापासून वाटतं.

डोळ्यांवरून आमचा वाद झाला. मामेबहिणीने फोनवर दाखवलेल्या प्रत्येक हत्तीला काळे चकचकीत डोळे होते. हे प्लास्टिकचे डोळे ‘सेफ्टी आय’ म्हणून मिळतात. दांडी विणीतून आत घालायची आणि मागून चकती दाबून बसवायची. नाव सेफ्टी असलं तरी विणलेलं कापड ताणतं. बाळाच्या ओढण्याने, चावण्याने टाका रुंदावला की चकतीसकट डोळा बाहेर यायला वेळ लागत नाही. बहीण म्हणाली, “ताई, डोळ्यांशिवाय तो जिवंतच वाटणार नाही.” खरं होतं. फोटोत जीव येतो तो डोळ्यांनीच.

पण बाळ हत्तीकडे फोटोसारखं बघणार नव्हतं. नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते जेमतेम वीत-दीड वीत अंतरावरचं. तीन-चार महिन्यांनी हात वस्तूकडे जाऊ लागतो आणि हातात आलेलं सगळं तोंडात जातं. जग त्याला आधी जिभेने कळतं. खेळणं करायचं ते त्या तोंडासाठी. हल्लीची बरीच गोजिरवाणी क्रोशाची जनावरं मला कॅमेऱ्यासाठी विणलेली वाटतात. बारीक मण्यांच्या माळा, गळ्यात चिकटवलेला बो, लोंबती घुंगरं. ज्याच्यासाठी ती करायची त्याला यातलं काहीच नको असतं.

या बाबतीत धारगळचा शेजार कामाला आला. गावात अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं गोव्यातलं केंद्र आहे. तिथे कळलं ते असं. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक खास बाळांचं, कौमारभृत्य. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय गर्भधारणेपासून बाळाच्या संगोपनापर्यंतचा आहे, आणि त्यात बाळाची खेळणी कशी असावीत हेही आलं आहे. रंगीबेरंगी असावीत, आवाज करणारी, मन रमवणारी. जड नसावीत, टोकदार नसावीत, जिवावर बेतणारी नसावीत, भीती घालणारी नसावीत. आणि तोंडात शिरणारी नसावीत. ‘अनास्यप्रवेशी’ असा शब्द तिथे आहे. वसरीवर बसून मी हे मामीला सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली, जसं काही त्या वैद्याने उशिराच का होईना पण बरोबर सांगितलं होतं.

आजचा नियम हेच वेगळ्या भाषेत सांगतो. खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत एक पोकळ नळकांडं वापरतात, ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, दोन रुपयांच्या नाण्याहून मोठं. तळ तिरका, त्यामुळे खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर. बाळाच्या घशाचा हा नमुना. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा झालेला कोणताही भाग त्यात पूर्ण मावला की ते खेळणं नापास. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली गेली, आणि ती योग्यच आहे. नाहीतर सावंतवाडीच्या चिताऱ्याने प्रयोगशाळा कुठून आणायची? पण सूट मिळाली म्हणून घसा रुंद होत नाही. घरी विणलेल्या हत्तीची तपासणी विणणारीच्या बोटांनीच व्हायची असते.

शेवटी डोळे काळ्या सुताने भरले. मिटलेले, खाली वळलेल्या दोन रेघांचे. हत्तीण झोपलेली दिसू लागली आणि बहिणीचा विरोध तिथेच मावळला.

भरणाबद्दल मामीचं मत ठाम होतं: सावरीचा कापूस. परसातल्या सावरीची बोंडं फुटली की त्या रेशमी कापसाच्या उशा करतात आणि त्यांच्यासारखी उशी नाही, हे मलाही मान्य. पण बाळाचा हत्ती आठवड्याला एकदा तरी धुवावा लागणार. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. ओला कापूस आत गुठळी होऊन बसतो, चार दिवस वाळत नाही आणि मग त्याला कुबट वास आणि बुरशी. शिवाय सावरीचे तंतू इतके हलके की टाक्यांतून सुटून नाकात जातात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी पॉलिएस्टरचा फायबर आणला. मन मोडू नये म्हणून मामीला सावर दाखवून विचारलं, या डोक्यातून ती बाहेर येईल का? तिने चिमूटभर आत कोंबली, दाबली, आणि तिच्याच घट्ट फेऱ्यांतून एकही तंतू बाहेर आला नाही. माझ्या सैल फेऱ्यांतून आले. तेव्हा मी माझा भाग उसवून पुन्हा विणला. सूतही ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिलं. करडा रंग उतरला नाही, पण कानांच्या आतल्या बाजूसाठी आणलेला गुलाबी उतरला. तो परत गुंड्यात गेला आणि कान करडेच राहिले.

सोंड सर्वांत अवघड. आठ टाक्यांची अरुंद नळी, बोटसुद्धा आत जात नाही; पेन्सिलीच्या मागच्या टोकाने थोडं थोडं भरण ढकलत विणत जायचं. पण बाळाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग तोच. नवजात बाळाच्या तळहाताला काही टेकलं की मूठ आपोआप मिटते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून काही स्वयंसेवक बायका अकाली जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे ऑक्टोपस विणू लागल्या. ती बाळं काचेच्या पेटीत अंगावरच्या नळ्या ओढतात. हातात ऑक्टोपसचा पाय आला की त्याला धरून राहतात, असा रुग्णालयांतला अनुभव. त्याचे नियम कडक: शंभर टक्के कापसाचं सूत, साठ अंशांवर धुता येईल असं, आणि पाय ताणला तरी २२ सेंटिमीटरहून लांब नको, म्हणजे गळ्याभोवती वेढा बसणार नाही. वैद्यकशास्त्राने त्याची ठाम सिद्धता अजून दिलेली नाही. पण मापं आणि सूत यांचा विचार मला पटतो. माझ्या हत्तिणीची सोंड नऊ सेंटिमीटर ठेवली. मूठभर धरायला पुरे.

हत्तीच्या पिल्लालाही सोंडेचं काय करायचं ते सुरुवातीला कळत नाही. बावीस महिने पोटात राहून ते बाहेर येतं आणि कितीतरी महिने ती सोंड नुसती लोंबत, पायांत अडकत असते. आणि आपली बाळं अंगठा चोखतात तसं ते सोंड तोंडात घालून चोखतं. हे सांगितल्यावर मामेबहीण पोटावर हात ठेवून बराच वेळ गप्प बसली. मामीने मात्र बावीस महिने हा आकडा दोनदा विचारून घेतला.

ऑक्टोबरच्या अखेरीस मुलगी झाली. तोवर ओंकार सिंधुदुर्गाच्या हद्दीत परतला होता.

बारशाला तांबोशाचा मामा आला, माझ्या मामीचा भाऊ. रिवाजाप्रमाणे पाळण्यात आधी वरवंटा ठेवला, झबलं-टोपडं घातलेला. कोणीतरी हौसेने हत्तीणही शेजारी ठेवली आणि दोघांना झोके दिले. मग दोन्ही बाहेर आले आणि बाळ आत गेलं. एका काकूंचं म्हणणं पडलं की हत्ती राहू दे, किती गोड दिसतो. मामीनेच तो उचलून घेतला. मी तिला सांगितलं होतं, झोपलेल्या बाळाच्या अंथरुणात पहिलं वर्षभर मऊ खेळणं, उशी, जाड पांघरूण काहीही नको. तोंडावर आलं तर बाजूला सारायची ताकद त्याच्यात नसते. बाळ जागं, आपण समोर, तेव्हाच हत्ती. पेटीतली मोहरीची उशीही मामीने त्या दिवशी परत पेटीत ठेवली. तो निर्णय तिचा, मी त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

कानात कुर्र झालं, नाव ठेवलं. पुरुषमंडळी वसरीवर बसली तेव्हा तो हत्ती फिरत फिरत तांबोशाच्या मामाच्या हातात आला. त्याने तो उलटा केला, पायांचे तळवे पाहिले. मी चारही तळव्यांना पांढऱ्या सुताची नखं भरली होती. बोटाने ती मोजून तो म्हणाला, नखं बरोबर आली आहेत. त्याच्या भाताच्या कुणग्यात उमटलेली पावलं सुपाएवढी होती. त्यांत पाणी साचलं आणि पुढे आठवडाभर बेडक्या त्यांतच ओरडत होत्या. भात किती गेलं ते कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सोंड एकदा हलकेच ओढून पाहिली आणि हत्तीण माझ्याकडे दिली.

आता बाळ वर्षाचं होत आलं आहे. हत्तीण पुष्कळदा धुऊन निघाली, कानाला चिमटा लावून दोरीवर वाळली. करडा रंग पोटावर फिका पडला आणि डोक्यावरच्या मामीच्या सहा फेऱ्या होत्या तशाच आहेत. सोंड मात्र चावून चावून टोकाला विरली. गेल्या आठवड्यात मी धारगळला गेले तेव्हा मामीने हत्तीण माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या चार फेऱ्या उसवल्या, आतला भिजून पिवळा पडलेला फायबर काढून टाकला, नवा भरला. बाळ वसरीवर रांगत येऊन माझ्या गुडघ्याला धरून उभं राहिलं आणि सुताच्या गुंड्याकडे हात लांबवू लागलं. मामीने तिला उचलून कडेवर घेतलं, स्वतःची पोलादी सुई आणली आणि म्हणाली, टोक मी मिटते, तुझा हात सैल आहे.